शिवणीत दीड इंच माया: लहान मुलींसाठी अंगाला सोसतील असे कपडे कसे निवडावेत

गेल्या उन्हाळ्यात, लग्नसराईत, सांगलीच्या विश्रामबागेतल्या एक ताई माझ्याकडे एक फ्रॉक घेऊन आल्या. गुलाबी नेटचा, चार थरांची झालर, खांद्यावरून खाली उतरणारा इलॅस्टिकचा गळा, कमरेला टिकल्यांचा पट्टा. "एकदाच घातला, आता हातसुद्धा लावू देत नाही," म्हणाल्या. बरोबर सहा वर्षांची लेक होती. तिला जवळ घेऊन विचारलं, "कुठे टोचतंय गं?" तिने मुकाट्याने दोन्ही हात वर केले. काखेखाली, बरोबर मुंढ्याच्या शिवणीच्या रेषेत, लाल ओरखडा उठला होता आणि त्यावर खपली धरायला लागली होती. म्हणाली, "काकू, यात बसताच येत नाही."

सगळं लग्न तिने उभ्याने काढलं होतं, एका हाताने गळा वर ओढत. पंगतीत मांडी घातली की टिकल्यांचा पट्टा पोटात रुतायचा, पाय पसरले की आजी म्हणायची, "नीट बस की गं." कपड्याची चूक आणि बोलणी पोरीला.

मी फ्रॉक उलटा केला. आत अस्तर होतं, पण मुंढ्यापाशी नेटची कडा उघडीच होती. जुन्या मलमलच्या ओढणीची तिरकी पट्टी काढून ती कडा झाकली, खांद्याला दोन पट्ट्या लावल्या, टिकल्यांचा पट्टा उसवून साध्या कापडाचा बसवला. दोन तासांचं काम. दुकानात घेण्याआधी तो कपडा कुणी एकदा उलटा करून पाहिला असता तर तेही लागलं नसतं.

अठरा वर्षं मी सांगलीत मुलींचे कपडे शिवते, दोन मुली वाढवल्या. माझं म्हणणं एवढंच आहे: कपड्याने मुलीला सांभाळावं, मुलीला कपडा सांभाळत बसायला लागू नये. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे. विकत घ्या नाहीतर शिवून घ्या, या क्रमाने गेलात तर पैसे आणि रडारड दोन्ही वाचतील.

आधी दोरी बघा, मग कपाट उपसा

खरेदीला निघण्याआधी एक आठवडा वाळत घालायच्या दोरीवर लक्ष ठेवा. जे कपडे परत परत धुवायला पडतात तेच मुलगी खरोखर घालते. त्यातला एखादा हातात घेऊन बघा. बहुतेक वेळा तो मऊ पडलेला सुती टीशर्ट असतो, नाहीतर सैल आसनाची चड्डी, नाहीतर खिसा असलेला एखादा जुनाट फ्रॉक. पुढची खरेदी कशी हवी ते तिने न बोलता सांगितलेलं असतं.

मग कपाट रिकामं करा. लहान झालेले, घालत नाही असे आणि चालू, असे तीन ढीग. घालत नाही त्या ढिगातला एकेक कपडा तिच्यापुढे धरून "हा का नको?" एवढंच विचारा आणि ती बोलेपर्यंत थांबा. "आवडत नाही" या उत्तरामागे बहुतेकदा टोचणारं लेबल, काचणारं इलॅस्टिक किंवा वर्गात कुणीतरी केलेली चेष्टा असते. चालू ढिगात कपडा कुठे विरलाय तेही बघा. माझ्या थोरलीच्या पँटी कायम गुडघ्यात जायच्या, धाकटीच्या बुडाशी, कारण ही घसरगुंडीवरून उतरायलाच तयार नसायची. ज्याची जी जागा झिजते तिथे दुहेरी कापड हवं.

हे काम मेच्या शेवटच्या आठवड्यात करा. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते आणि त्याआधीच्या आठ दिवसांत बाजारात पाय ठेवायला जागा नसते, शिंपीही दमलेले असतात.

माप: वयाच्या आकड्यावर जाऊ नका

"सहा वर्षांच्या मुलीचा द्या," असं म्हणून घेतलेला कपडा बसला तर नशीब समजायचं. कपड्यावरचा २४, २६, २८ हा आकडा एक कारखाना छातीचा धरतो, दुसरा उंचीचा, तिसरा आपल्या मनाचा. परदेशी पद्धतीच्या लेबलावर ११०, ११६, १२२ असे आकडे असतात, ते मुलीच्या उंचीचे सेंटिमीटर असतात आणि त्यातल्या त्यात भरवशाचे. म्हणून उंची माहीत असू द्या आणि पर्समध्ये टेप ठेवा.

चार मापं एका चिठ्ठीवर लिहून ठेवा: छाती, कंबर, खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची उंची आणि आसन. हे शेवटचं माप घरी कुणी घेत नाही आणि मुलींच्या पँटी नेमक्या तिथेच फाटतात. मुलीला कडक खुर्चीवर ताठ बसवा आणि कमरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंत बाजूने टेप धरा, ते आसन. त्यात दीड ते दोन इंच सैल धरले की ती उकिडवी बसली तरी पँट मागून खाली सरकत नाही.

तयार कपडा घेताना तो टेबलावर सपाट पसरा, काखेपाशी रुंदी मोजा आणि दुप्पट करा. साध्या विणीच्या कापडात हा आकडा मुलीच्या छातीपेक्षा ३ ते ४ इंच जास्त हवा. होजिअरी, म्हणजे बनियनचं विणलेलं कापड, ताणतं, तिथे १ ते २ इंच पुरतात.

आता "वाढत्या अंगाचं" घेण्याबद्दल. चौथ्या-पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं, म्हणजे दोन इंचांच्या थोडं वर. तेव्हा एक माप मोठं घ्या, दोन नको. दोन मापं मोठा कपडा जिन्यावर पायात येतो, सायकलच्या चेनमध्ये अडकतो, आणि अंगाला येईपर्यंत त्याचा रंग उडालेला असतो. "पुढच्या वर्षी होईल" म्हणून ठेवलेले किती नवे कपडे न घालताच लहान झाले, हे ज्याच्या त्याच्या कपाटाला माहीत.

कापड हाताने बघा

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. अशा उन्हात पॉलिस्टर अंगावर घातलं की घाम शोषला जात नाही, मानेवर आणि कमरेवर घामोळं उठतं. रोजच्यासाठी सुतीला पर्याय नाही. पॉपलीन टिकाऊ आणि थोडं कडक, शाळेबाहेरच्या फ्रॉकला आणि हाफ पँटला चांगलं. कॅम्ब्रिक त्याहून मऊ. मलमल अगदी हलकं, तान्ह्या बाळाच्या झबल्याला आणि अस्तराला. चड्ड्या, शमीज, झोपायचे कपडे होजिअरीचे. बाजूलाच इचलकरंजी आहे, १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून त्या गावाचा श्वासच माग झालाय. आपल्या जिल्ह्यात विट्यालाही माग आहेत. चांगलं सुती कापड आपल्याला लांबून आणावं लागत नाही, फक्त ओळखता यायला हवं.

ओळखायचं असं. कापडाच्या कडेचे दोन-चार धागे काढून घरी मोठ्यांनी, मुलं जवळ नसताना, चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धाग्याला जळक्या कागदासारखा वास येतो आणि बोटाने चुरली जाणारी राख उरते. पॉलिस्टर वितळतं, आक्रसतं आणि टोकाला काळा कडक मणी होतो. दोन्ही झालं तर मिश्र. दुकानात धागा जाळता येत नाही, तिथे कापड मुठीत दहा सेकंद आवळून सोडा: सुतीला घड्या पडतात, पॉलिस्टर तसंच उलगडतं.

रंग जातो का बघायला पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या आतल्या बाजूने घासा. लाल, गर्द निळा आणि काळा हे तीन रंग जास्त फसवतात. कुठलाही नवा कपडा आधी एकदा धुवूनच मुलीच्या अंगाला लावा. कापडावर चकाकीसाठी खळ आणि रसायनं मारलेली असतात, नाजूक कातडीला त्याने खाज सुटते.

पावसाळ्याचं गणित निराळं आहे. जुलैमध्ये जाड जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि दमट चड्डी किंवा पँट अंगावर राहिली की जांघेत गजकर्ण होतं. त्या दिवसांत पातळ सुती किंवा सुती मिश्रण बरं. शाळेचा युनिफॉर्म बहुधा टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताच्या मिश्रणाचा असतो. तो लवकर वाळतो, चुरगळत नाही, पण अंगाला गरम होतो, म्हणून आतून सुती शमीज हवीच.

दुकानात: आरसा नंतर, हालचाल आधी

कापड पेठ, हरभट रोड, मारुती रोड, कुठेही जा, पण मुलगी बरोबर हवी आणि तिचं पोट भरलेलं हवं. भुकेल्या पोराला कपडे घालून बघायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. गर्दीच्या संध्याकाळी जाऊ नका, सकाळी दुकान उघडल्यावर जा. दुकानदारालाही तेव्हा वेळ असतो.

कपडा हातात आला की आधी उलटा करा. शिवणीची कडा ओव्हरलॉक केलेली, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून दोऱ्याने गुंफलेली आहे का, दोऱ्यांची टोकं लोंबतात का, भरतकामाच्या मागे खरखरीत जाळी तशीच ठेवलीय का, लेबल मानेशी कशाचं आहे. नेट किंवा जर असेल तर अस्तर मुंढ्यापर्यंत आणि गळ्यापर्यंत पोचलंय का. गालावर फिरवून बघा, हातांची कातडी घरकामाने राठ झालेली असते, गालाला खरं कळतं. बटण ओढून बघा. तीन वर्षांखालच्या मुलीच्या कपड्याला मणी, मोती, चिकटवलेले खडे मुळीच नकोत, ते तोंडात जातात. गळ्याशी किंवा टोपीला ओढायची नाडी असेल तर ती काढून टाका. घसरगुंडीत, झोपाळ्यात, गाडीच्या दारात ती अडकते आणि गळ्याला फास बसतो. युरोपातल्या मानकांत सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि टोपीला अशी नाडी चालतच नाही. आपण घरी कात्रीने तेवढं करू शकतो.

मग कपडा घालायला द्या आणि आरशासमोर उभं करायच्या आधी तिला पाच गोष्टी करायला सांगा:

१. दोन्ही हात सरळ वर. फ्रॉक किती वर चढतो, मुंढा ताणतो का?
२. उकिडवं बसायचं. पँट मागून सरकते का?
३. खाली मांडी घालून बसायचं आणि पुढे वाकून ताटातला घास घेतल्यासारखं करायचं. कमरेला रुतलं की इथे लगेच कळतं.
४. दुकानात जागा असेल तर चार पावलं पळायचं. एका हाताने काही धरून पळाली तर तो कपडा नको.
५. बाथरूमला गेल्यासारखं स्वतः सोडायचं आणि स्वतः घालायचं.

या पाचव्यावर मी जरा थांबते. बालवाडी आणि पहिलीतल्या मुलींचे कपडे ओले होतात त्यातल्या निम्म्या वेळा कारण घाई नसते, बक्कल असतं. डांगरीचे दोन बंद, जीन्सचं कडक बटण, मागे चेन असलेला जंपसूट: पाच वर्षांच्या बोटांना हे सुटत नाही. बाईंना सांगायची लाज वाटते, मग पोर दिवसभर पाणीच पीत नाही. मी एका मुलीच्या सगळ्या पँटींचं बटण काढून इलॅस्टिक घातलं आणि महिन्याभराने तिची आई सांगत आली की आता बाटली रिकामी घरी येते. मागची चेन आणि मागचे हुक फक्त सणाच्या कपड्याला, जेव्हा आपण बरोबर असतो. रोजचा कपडा डोक्यातून घालता येईल नाहीतर पुढून उघडेल असाच हवा.

"छान दिसतंय ना?" असं विचारू नका, आईला बरं वाटावं म्हणून मुलं हो म्हणतात. "कुठे टोचतंय?" असं विचारा.

खिसा

मुलग्यांच्या हाफ पँटला चार खिसे आणि मुलींच्या फ्रॉकला एकही नाही, याचा मला मनापासून राग येतो. मुलींच्या जीन्सला तर नुसती खिशाची रेघ मारलेली असते, बोट घालायला गेलं तर बंद. पोरींना गोळा करायला काही नसतं का? माझी धाकटी कृष्णेच्या घाटावरून परत येताना दोन्ही मुठी बंद करून यायची, खडे, शिंपले, एखादं पीस. आणि त्या बंद मुठींमुळे पायऱ्यांवर पडली की हात टेकायला मोकळे नसायचे. एकदा हनुवटीला टाके पडले. त्या आठवड्यात तिच्या सगळ्या फ्रॉकांना खिसे लावले.

बाजूच्या शिवणीत खिसा लावायला शिंप्याला अर्धा तासही लागत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलीला कमरेच्या शिवणीपासून २ इंच खाली सुरुवात, तोंड ४ इंच, खोली ५ ते ६ इंच. कापड अस्तराचं नको, मुख्य कपड्याचंच किंवा घट्ट पॉपलीनचं, नाहीतर महिन्यात भोक. तोंडाच्या दोन्ही टोकांना दुहेरी टीप मारायला सांगा. शाळकरी मुलीला रुमाल, पासाची चिठ्ठी, पुढे मोठी झाली की पॅड, सगळं त्यात मावतं.

वयाला शोभेल म्हणजे काय

इथे घरोघरी भांडणं होतात, म्हणून सरळ बोलते. दुकानांत हल्ली बायकांचे कपडे लहान करून टांगलेले असतात: आठ वर्षांच्या मुलीला क्रॉप टॉप, उघडे खांदे, टाचेची चप्पल, पाठीवर नुसत्या दोऱ्या. मला ते नको वाटतात, कारण ते बघणाऱ्यासाठी शिवलेले असतात, खेळणाऱ्यासाठी नाही. वरच्या पाच परीक्षांत ते बहुधा पहिल्या दोनातच नापास होतात, त्यामुळे वाद घालायचीही गरज पडत नाही.

पण नकार कसा देता याला फार महत्त्व आहे. "हे काय घालतेस, लोक काय म्हणतील," "अंग दिसतं," असं सहा-सात वर्षांच्या मुलीला म्हणू नका. तिच्या अंगात लपवण्यासारखं, लाजण्यासारखं काही नाही, आणि एकदा तसं वाटायला लागलं की ती खो-खोत पळताना फ्रॉक धरून पळते. "यात तुला झाडावर चढता येणार नाही," एवढं कारण पुरतं आणि ते खरं असतं. फ्रॉक आखूड वाटला तर आत सुती सायकलिंग शॉर्ट्स द्या. तिला मोकळं उलटंपालटं होता येतं, आणि मोठ्यांना "पाय खाली घे" म्हणावं लागत नाही.

उलट बाजूही आहे. पाच वर्षांच्या पोरीला लांब पायघोळ ड्रेस आणि वर ओढणी देऊन दुचाकीवर मागे बसवणं धोक्याचं आहे. ओढणी चाकात गेली तर गळा आवळतो. लहान मुलीच्या ड्रेसला ओढणी हवीच असेल तर ती खांद्यावर आणि कमरेत शिवून टाका आणि गाडीवर बसताना काढून पिशवीत ठेवा.

टीशर्टवर छापलेली इंग्रजी वाक्यं वाचून घ्या. वाचता येत नसेल तर दुकानातल्या कुणा मुलाला वाचायला सांगा. माझ्याकडे उंची कमी करायला आलेल्या एका टीशर्टवर जे लिहिलं होतं ते कळल्यावर त्या मुलीची आजी कानकोंडी झाली होती. फुलं, प्राणी, पट्टे चांगले.

आणि मुलग्यांच्या विभागात जायला लाजू नका. तिथल्या हाफ पँटी जाड कापडाच्या, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या आणि खऱ्या खिशांच्या असतात, टीशर्ट सैल असतात. धाकटीचं तिसरी-चौथीपर्यंतचं निम्मं कपाट तिथलं होतं. रंगाचा निर्णय मात्र तिचा. तिला गुलाबीच हवा असेल तर गुलाबी, आपण निळ्याचा आग्रह धरणं हीसुद्धा जबरदस्तीच.

शिवून घेणार असाल तर माया मागा

सहा वर्षांच्या मुलीच्या साध्या फ्रॉकला ४४ इंची पन्ह्याचं दीड मीटर कापड पुरतं, खिसे आणि छोटी बाही धरून. घेतानाच दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरला ३ ते ५ सेंटिमीटर आटतं, म्हणून शिंप्याकडे टाकण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून द्या. "आम्ही करतो" म्हणाले तरी स्वतः करा.

शिंप्याला द्यायच्या सूचना तोंडी नको, कागदावर लिहून कापडाला टाचणीने लावा. त्यात पहिली ओळ मायेची. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला आपण माया म्हणतो. दोन्ही बाजूंच्या शिवणींत दीड-दीड इंच माया, खाली ३ इंच दुमड. वर्षाने बाजू उसवून पाऊण-पाऊण इंच सोडले की दोन बाजू मिळून छातीला तीन इंच मिळतात, कारण पुढचं आणि मागचं अशी दोन्ही कापडं सुटतात. मात्र मुंढ्यात माया ठेवायला सांगू नका. तिथे जाड कडा झाली की तीच काखेत काचते. मुंढ्याला पाव इंच आणि वरून मऊ तिरकी पट्टी.

दुमड सोडल्यावर जुन्या घडीची फिकट रेघ दिसते. त्यावर नागमोडी लेस किंवा दुसऱ्या रंगाची पट्टी लावली की ती मुद्दाम केल्यासारखी दिसते. पट्टीचा रंग मुलीला निवडू द्या, मग तो जुना फ्रॉक तिच्या लेखी नवा होतो.

कमरेचं इलॅस्टिक फक्त मागच्या अर्ध्या भागात घाला, पुढे सपाट पट्टी. पोटावर वण उठत नाहीत. इलॅस्टिकच्या नेफ्याला आतून अर्ध्या इंचाचं तोंड उघडं ठेवायला सांगा. सहा महिन्यांनी इलॅस्टिक मरतं, तेव्हा सेफ्टीपिनने नवं ओवता येतं, शिवण उसवावी लागत नाही.

सणाचा कपडा

आजीला परकर-पोलकं हवं असतं आणि नातीला झगमगीत गाऊन. माझ्या अनुभवाने खणाचं परकर-पोलकं या भांडणात जिंकतं, जर ते नीट शिवलं तर. पारंपरिक खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, आपल्याकडे सहज मिळतो. पोलक्याला आतून पूर्ण मलमलचं अस्तर, हुक पुढून, बाही कोपराच्या वर आणि सैल. परकर घोट्याच्या दोन इंच वर, म्हणजे पायात येत नाही. कमरेला सुती नाडीपेक्षा रुंद पट्टी आणि मागे इलॅस्टिक, आणि परकर पोलक्याच्या आतल्या बंडीला जोडलेला असेल तर तो खाली सरकायचा प्रश्नच येत नाही. परकराच्या खालच्या बाजूला आडवे दोन टक, म्हणजे शिवलेल्या घड्या, घालून ठेवा. दरवर्षी एक उसवायचा, तीन दिवाळ्या निघतात.

दिवाळीत फटाक्यांपाशी जाताना मात्र अंगाबरोबर बसणारे सुती कपडेच. नेट, नायलॉन, जॉर्जेट पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. सुतीही पेटतं, पण ते असं चिकटत नाही आणि घोळदार नसेल तर लवकर विझवता येतं. सकाळचा अभ्यंगाचा थाट झाला की संध्याकाळी साधी सुती पँट आणि टीशर्ट, त्यावर वाद नको.

आठ ते बारा

या वयात कपड्यांचा हिशेब बदलतो आणि आई बहुतेकदा सहा महिने मागे असते. मुलगी अचानक पांढरा शर्ट नको म्हणायला लागते, पाठीला बाक काढून चालते, गर्मीतही जॅकेट काढत नाही. विचारलं तर सांगत नाही. छातीत बदल सुरू झालेला असतो आणि पातळ कापडातून तो दिसतो एवढंच. त्या वेळी चार सुती दुहेरी शमीज किंवा बिगिनर्स ब्रा, न गाजावाजा करता तिच्या कप्प्यात ठेवा. घट्ट नको, पट्टीखाली दोन बोटं गेली पाहिजेत. हा बदल आठ वर्षांच्या आत दिसला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

पाळी सुरू व्हायच्या आधीच गडद रंगाच्या दोन पँटी किंवा स्कर्ट घरात असू द्या, आणि दप्तराच्या तळाशी एका कापडी पिशवीत एक चड्डी, एक पॅड आणि पातळ लेगिंग. हे कशासाठी ते तिला आधी सांगून ठेवा. ट्रायल रूममध्ये तिने "तू बाहेर थांब" म्हटलं तर बाहेर थांबा, दाराशी.

आता निवड बरीचशी तिच्या हातात द्यायची. मी थोरलीला पैसे आणि तीन अटी द्यायचे: हालचालीच्या परीक्षा, घरी धुता येईल असं कापड आणि खिसा. त्यात बसेल ते तिचं. तिने एकदा भयंकर पोपटी पँट आणली. दोन वर्षं घातली तिने ती.

किती लागतात आणि नंतर काय

रोज धुणं होत असेल तर घरचे पाच जोड, बाहेरचे दोन, सणाचा एक आणि चड्ड्या आठ-दहा एवढ्यात वर्ष सहज निघतं. पावसाळ्यात दोन जोड जास्त. थंडीला आपल्याकडे एक पुढून उघडणारा स्वेटर पुरतो.

थोरलीचे कपडे धाकटीला देताना तिला ते उतरलेलं वाटू नये म्हणून काहीतरी बदलून द्या, बटणं, खिसा, गळ्याची पट्टी. आणि ती नकोच म्हणाली तर सक्ती नको. अगदी विरलेलं सुती वाकळेला जातं. मधल्या अवस्थेतले कपडे दुसऱ्या कुणाला देणार असाल तर धुवून, उसवलेलं शिवून, चेन चालते का बघून, माप कागदावर लिहून द्या. नाडी नसलेला परकर कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आम्ही काही बायका एका निवारा केंद्रात आलेली कपड्यांची गाठोडी निवडत होतो. साड्या होत्या, शर्ट होते, नेटचे फ्रॉक तर ढिगाने होते. सात-आठ वर्षांच्या मुलींच्या अंगाला लागतील अशा कोऱ्या सुती चड्ड्या मात्र दोन दिवस मिळाल्या नाहीत, आणि पोरी ओल्यातच बसून होत्या. तेव्हापासून दर जूनमध्ये मी होजिअरीच्या दोन डझन चड्ड्या आणि एक डझन शमीज, वेगवेगळ्या मापांच्या, एकदा धुवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवते. पूर नाही आला तर दसऱ्यानंतर जवळच्या अंगणवाडीत देऊन टाकते.